बायो सोडलं होतं, मग बायोफिजिक्स कसं?

निफाड तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. चार एकर द्राक्षबाग. धाकटी मुलगी नाशिकला हॉस्टेलवर राहून एसवाय बीएस्सी करते, विषय फिजिक्स. गोडी छाटणीच्या दिवसांत ती घरी आली आणि म्हणाली, एमएस्सीनंतर मला पीएचडी करायची आहे, कंडेन्स्ड मॅटर किंवा बायोफिजिक्समध्ये. वडील लिहितात: "मॅडम, हिनं अकरावीलाच बायो सोडलं. मग हे बायोफिजिक्स कुठून निघालं? एमएस्सी बीएड केलं तर शाळेत लागेल. हिच्या हिशेबानं अठ्ठावीस-तीस वयापर्यंत नुसतं शिक्षणच. हिच्या आईला लग्नाची काळजी. हे पोटापाण्याचं आहे, की नुसतं नाव मोठं?"

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आधी त्या दोन नावांचं बघू. मणी भरत आलेले असताना अवकाळी पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी घडात तडकलेले मणी दिसतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. आत साखर चढलेली असते, बाहेर नुसतं पाणी. ते पाणी मुळांकडून येतं तसं सालीतूनही आत शिरतं, आतला दाब वाढतो आणि साल कमजोर असेल तिथे फाटते. आता ही साल किती ताण सोसते, तिच्यावरचा मेणाचा थर पाणी किती अडवतो, भेग ठरावीक जागीच का सुरू होते, हे प्रश्न वनस्पतीशास्त्राचे की फिजिक्सचे? दोन्हीचे. सजीवांमधल्या अशा प्रश्नांना ताण, दाब, ऊर्जा यांच्या भाषेत भिडणं म्हणजे बायोफिजिक्स.

कंडेन्स्ड मॅटर म्हणजे असंख्य अणू दाटीवाटीनं एकत्र आले की काय घडतं त्याचा अभ्यास. 1911 साली हॉलंडमध्ये कॅमरलिंग ओनेस यांनी पारा उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्यातला विजेचा विरोध एकदम नाहीसा झाला. पाऱ्याच्या एकट्या अणूकडे कितीही बघितलं असतं तरी हे कळलं नसतं. ही करामत सगळ्यांची मिळून असते. असं का होतं याचं समाधानकारक उत्तर मिळायला 1957 साल उजाडलं. आज दवाखान्यातल्या एमआरआय मशीनमध्ये पेशंट ज्या मोठ्या चुंबकाच्या पोकळीत झोपतो, त्याच्या तारा बहुतेक ठिकाणी अशाच विरोध हरवलेल्या असतात.

हे दोन विषय तुमच्या लेकीनं एका दमात का सांगितले, तेही समजून घ्या. ती गोंधळलेली नाही. पुष्कळ विद्यापीठांत हे दोन्ही गट फिजिक्सच्याच विभागात, कधीकधी एकाच मजल्यावर असतात, कारण दोघांचं गणित बरंचसं सारखं आहे. आपल्या पेशीभोवतीचा पडदा जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचा असतो. तो धड घन नाही, धड द्रव नाही, आणि साबणाच्या फेसाचा अभ्यास करणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो. फ्रान्सच्या द जेन यांना 1991 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं ते याचसाठी: साध्या पदार्थांतली शिस्त समजून घ्यायच्या पद्धती त्यांनी लिक्विड क्रिस्टल आणि पॉलिमरसारख्या गुंतागुंतीच्या पदार्थांना लावून दाखवल्या. आपल्याकडे जी. एन. रामचंद्रन फिजिक्सचेच. सर सी. व्ही. रामन यांचे ते विद्यार्थी. प्रथिनांची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते आणि कुठल्या कोनांत नाही, याचा 1963 साली मद्रासमध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत मांडलेला आराखडा आजही जगभर वापरात आहे.

आता अकरावीला सोडलेल्या बायोचं. वेंकी रामकृष्णन बडोद्याहून फिजिक्समध्ये बीएस्सी झाले, 1976 मध्ये अमेरिकेत फिजिक्सचीच पीएचडी घेतली आणि त्यानंतर नव्यानं विद्यार्थी म्हणून बायॉलॉजी शिकायला बसले. पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल 2009 चं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. सगळ्यांची गाडी तिथवर जाते असं मी म्हणत नाही, पण दार बंद नाही हे खरं. पेशींचं प्राथमिक बायॉलॉजी एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन वर्गांत, फुकट शिकता येतं. अवघड असतं ते गणित, आणि ते ती रोज करतेच आहे.

विषयाचं झालं. पण भाऊ, तुमच्या लेकीला संशोधन मानवेल का, हा प्रश्न विषयाच्या नावावरून सुटत नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगते.

मी पुण्यात एमएस्सी केलं. प्रोजेक्ट सुपरकंडक्टरचा होता, म्हणजे थंड केल्यावर विजेचा विरोध हरवणाऱ्या त्याच पदार्थांचा. यट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या संयुगांची पूड तोलायची, अगेटच्या खलात तासन्‌तास घोटायची, दाबून रुपयाएवढी गोळी करायची, भट्टीत साडेनऊशे अंशांच्या आसपास भाजायची आणि ऑक्सिजन सोडत हळूहळू थंड करायची. गोळी काळी निघायला हवी. माझी पहिली हिरवट निघाली. दुसऱ्या वेळी रात्री लाइट गेली आणि भट्टी मध्येच थंड झाली. तिसरी हातात घेताच दुभंगली. बोटांना घट्टे पडले होते. चौथी गोळी थर्माकोलच्या कपात ठेवून वर द्रव नायट्रोजन ओतला, धुराचा लोट खाली बसला, आणि चिमट्यानं सोडलेलं इवलंसं चुंबक गोळीच्या वर अधांतरी थांबलं. मी आणि माझी जोडीदारीण काहीच बोललो नाही.

त्याच प्रोजेक्टला एक हुशार मुलगा होता, पेपरात आम्हा सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या गोळीनंतर त्यानं खल हातात घेतला नाही. पुढे तो बँकेच्या परीक्षेत उत्तम मार्कांनी पास झाला आणि सुखात आहे. त्याचं काहीही चुकलं नाही. त्याला स्वतःबद्दलची ही गोष्ट पाच वर्षांनी नाही, तर दोन महिन्यांत कळली, एवढंच. तुमच्या लेकीलाही ती लवकर कळावी, असं मला वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा. आज पीएचडीला हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. येत्या उन्हाळ्यात तिला दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत जाऊ द्या. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तिचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे निघतात. कुठल्या वर्षाला काय चालतं ते कलम तिनं नीट वाचावं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा संशोधनाची ओळख करून देणारा कार्यक्रमही बीएस्सीच्या मुलांसाठीच आहे. तिथे नाही जमलं तर पुण्याला आयसर ही विज्ञान संशोधनाची संस्था आहे, विद्यापीठाचा फिजिक्स विभाग आहे. तिथल्या प्राध्यापकांना तिनं स्वतः ईमेल लिहावं. "मला संशोधनाची आवड आहे" अशा ईमेलला उत्तर येत नाही. त्यांचा एखादा पेपर वाचून त्यातलं एक न समजलेलं विचारलं, तर येऊ शकतं. दहा ईमेलना दोन उत्तरं आली तरी पुष्कळ झालं. दरम्यान पायथन ही कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागू दे. प्रयोग असो की सिद्धांत, त्याशिवाय आता पान हलत नाही.

टीवायला असताना फेब्रुवारीत जॅम ही एमएस्सी प्रवेशाची परीक्षा असते, फॉर्म त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात. त्यातून आयआयटीत एमएस्सीला किंवा बंगळुरूच्या आयआयएस्सीत थेट इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची परीक्षा वेगळी आणि लवकर असते, साधारण डिसेंबरात. एमएस्सीपर्यंत जे शिकेल ते कुठेच वाया जात नाही. बीएडचा रस्ता एमएस्सीनंतरही खुला आहे. आणखी एक रस्ता नाशिकमध्ये फार कमी पालकांना माहीत असतो: फिजिक्समध्ये एमएस्सी करून रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला की कॅन्सर रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. रेडिएशनचा डोस मोजून ठरवणारं हे माणूस असल्याशिवाय रेडिओथेरपीचं युनिट चालवता येत नाही. बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रसुद्धा एमएस्सी फिजिक्सची मुलं प्रशिक्षणाला घेते.

आता पैशाचं. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडीच्या काळात तुम्हाला तिला पैसे पाठवावे लागू नयेत. आणि इथे मी ठाम आहे: फेलोशिप नसेल तर पीएचडी करू देऊ नका. "आत्ता बिनपगारी सुरू कर, मग बघू" असं कुणी म्हणालं तर तिला परत बोलवा.

कडू भागही सांगते. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. त्यानंतर दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, बहुतेकदा परदेशात. कायमची प्राध्यापकी पस्तिशीच्या आसपास मिळते, आणि सगळ्यांना मिळत नाही. आपल्याकडच्या सीनियर कॉलेजांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे पीएचडीधारक मी रोज बघते. काही जण सेमीकंडक्टर, औषधं, डेटा यांच्या कंपन्यांत जातात आणि चांगलं कमावतात, पण त्यासाठी पीएचडी सुरू असतानाच हातात कौशल्य यावं लागतं. आणि विषयापेक्षा गाइड महत्त्वाचा. माझ्याकडे येणारा एक मुलगा नाव मोठं बघून एका गाइडकडे गेला. ते महिनोन्‌महिने भेटायचेच नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यानं सोडून दिलं. लॅब निवडताना तिनं तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना चहाला बसवून विचारावं: सर किती वेळा भेटतात, आधीची मुलं किती वर्षांत बाहेर पडली, आता कुठे आहेत. हे विचारण्यात काही गैर नाही. बागेसाठी रोपं आणताना आपण नर्सरीत चार प्रश्न विचारतोच.

वहिनींना सांगा, माझं लग्न एमएस्सीनंतर झालं आणि माझ्या कितीतरी मैत्रिणींची पीएचडी चालू असतानाच झाली. फक्त स्थळ बघताना "शिक्षण चालू ठेवू देऊ" एवढ्यावर समाधान मानू नका. ही पुण्याला किंवा बंगळुरूला राहील आणि रात्री अकरालाही लॅबमध्ये असेल, हे आधीच स्पष्ट बोला.

जूनमध्ये ती लॅबमधून परत येईल तेव्हा "काय शिकलीस?" असं विचारू नका. "काय जमलं नाही?" असं विचारा. कुठलं सँपल बिघडलं, लेझर कशामुळे हलत होता, चौथ्या वेळी काय बदललं, असं ओट्यावर बसून तासभर सांगत राहिली तर जॅमचा फॉर्म बिनधास्त भरू द्या. दोन वाक्यांत विषय संपवला तर बीएडची चौकशी करा, त्यात कमीपणा काही नाही. दोन्हीपैकी जे होईल ते मला कळवा. पत्र तिनं लिहिलं तर जास्त बरं.