गुरुवारी ३ ते ५

चि. मास्तरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

उद्योजकतेच्या मायनरच्या, म्हणजे पदवीतल्या दुय्यम विषयाच्या, अभ्यासक्रमाची तुझी स्पायरल बाइंडिंगची फाईल दोनदा वाचली. बाइंडिंग झकास आहे. आतलं वाचताना मात्र माझा चहा गार झाला.

परवा आलीस तेव्हा मी फारसं बोललो नाही, कारण तू रडकुंडीला आली होतीस. प्राचार्यांना पानोपानी 'स्टार्टअप' हवंय, विभागप्रमुखांना कॉमर्सचे जुनेच पेपर नावं बदलून घुसवायचेत, आणि दोघांच्या मधे तू, तासिका तत्त्वावरची. "काका, मुलांना नेमकं शिकवू तरी काय?" असं विचारलंस आणि मी तुला थालीपीठ वाढलं. ते काही उत्तर नव्हतं. आता लिहितो.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, त्यातले मायनरला २४. विद्यापीठ त्यात काय मागेपुढे करतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तू २४ पैकी २० थिअरीत घातलेस. डिझाइन थिंकिंग, बिझनेस मॉडेल कॅनव्हास, पिच डेक (गुंतवणूकदारापुढचं सादरीकरण) वगैरे. उरलेल्या ४ क्रेडिटचा शेवटच्या सत्रात प्रकल्प, आणि तोही काय, तर 'प्रस्तावित व्यवसायाचा अहवाल'. प्रस्तावित! अगं, प्रस्तावित जेवणाने कुणाचं पोट भरलंय का? मी अख्ख्या फाईलमध्ये एकच शब्द शोधत होतो. वसुली. बावन्न पानांत एकदाही सापडला नाही.

माल विकला म्हणजे धंदा झाला, असं तुमच्या पुस्तकात असेल. पैसे खात्यात पडले की धंदा झाला. तोवर आपण लोकांना माल वाटत असतो.

भोसरीत माझं वर्कशॉप बावीस वर्षं चाललं, हे तुला माहीत आहे. बुश आणि पिना, म्हणजे यंत्रांचे छोटे सुटे भाग, करायचो, मुख्य गिऱ्हाईक एक मोठी कंपनी. माल गेला की चलनावर गेटचा शिक्का, मग जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), मग बिल पास, मग साठ दिवस, आणि मग 'चेक सहीला गेलाय'. अकाउंट्सच्या खिडकीवर पाटी होती, 'सप्लायर पेमेंट: गुरुवारी ३ ते ५'. समोर तपकिरी रेक्झिनचा सोफा, मधोमध फाटलेला, आतला काथ्या बाहेर आलेला. त्यावर आम्ही पाच-सहा वर्कशॉपवाले बसायचो. सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये, कारण एकमेकांकडे बघायची लाज वाटायची.

आम्ही म्हटलं खरं, पण बावीस वर्षांत मी त्या सोफ्यावर मोजून चार वेळा बसलो. एरवी फोरमनला पाठवायचो. मी इंजिनिअर, मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस, कारकुनापुढे काय उभा राहू! फोरमनला 'साहेब जेवायला गेलेत' असं सांगितलं की तो परत यायचा. त्याचे पैसे थोडेच अडकले होते? भीड भिकेची बहीण, असं आमची आजी उठता-बसता म्हणायची. तेव्हा म्हातारीची कटकट वाटायची.

२०१७ ला जीएसटी आला. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. न मिळालेल्या पैशांवरचा कर मी ओव्हरड्राफ्टमधून भरायचो. २०१९ ला शटर ओढलं तेव्हा हातात पुढच्या चार महिन्यांच्या ऑर्डरी होत्या आणि बाहेर सव्वा एकोणीस लाख येणं. लोक म्हणतात, सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) घेतलं नाही म्हणून बुडाला. साफ खोटं. घेतलं असतं तर हप्ता कशातून फेडला असता, त्याच थकलेल्या बिलांतून? (तुझी काकू म्हणते, दोन्ही चुका होत्या. असो.)

कायदा जरूर शिकव, पण त्या सोफ्यावर बसून शिकव. २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर मुदतीत न चुकवलेलं असलं बिल गिऱ्हाइकाला प्राप्तिकरात त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, ती वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. कागदावर सगळं चोख आहे. आता मुलांना विचार: व्याजही मागायचंय आणि पुढची ऑर्डरही हवीय, तर पत्र कसं लिहाल? दहा मार्क. मला अजून ते पत्र लिहिता आलेलं नाही.

तुझ्या पान ९ वर लक्ष्मणराव किर्लोस्कर आहेत, फोटोसकट. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत आणि नांगर जवळजवळ दोन वर्षं पडून राहिले. खाली तू 'गुण: चिकाटी' असं लिहिलंयस. चिकाटी कसली शिकवतेस! त्या दोन वर्षांत कामगारांची मजुरी कुठून दिली असेल, हे मुलांना शोधायला लाव.

तर आता फाईल उलटी कर. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. पहिल्याच वर्षी ८ क्रेडिट, म्हणजे २४० तास, विक्री आणि वसुलीला काढ. पावसाळ्यात सत्र सुरू होतं, पुढे गणपती आणि दिवाळी, याहून बरा मुहूर्त कुठला? मुलांनी कुंभारवाड्यातून पणत्या जांगड आणाव्यात. जांगड म्हणजे विकला तेवढ्याचेच पैसे, उरलेला माल परत. तुझ्या फाईलमध्ये हा शब्दही नाही, रविवार पेठेतल्या कुठल्याही दुकानातल्या पोऱ्याला विचार. निम्मा माल अनोळखी दुकानदाराला पंधरा दिवसांच्या उधारीवर द्यायचा. आई, मावशी आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप बाद. सोळाव्या दिवशी जाऊन पैसे मागायचे. खरा वर्ग तो. मार्क रोकडवहीवर द्यायचे. पैसे बुडाले आणि तसं लिहिलं तर मार्क कापायचे नाहीत, लपवले तर नापास.

बीए मराठीची मुलगी पणत्या नको म्हणाली, तर अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या प्रकाशकाची मुद्रितं तपासू दे. बिल देऊ दे. त्याच्याकडून महिन्याभरात पैसे आणले, तर तिला मी पदरचं एक क्रेडिट देईन.

यात इनोव्हेशन कुठे आहे, असं प्राचार्य विचारतील. पाषाण रस्त्याला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर आहे, विज्ञानातून धंदा उभारणाऱ्यांची तिथे चांगली सोय होते. तिसऱ्या वर्षी मुलांना खुशाल तिकडे ने. पिच डेकही तेव्हाच शिकव, फार तर दोन क्रेडिट. पण ज्याने कधी सातशे रुपयेही मागून आणले नाहीत, त्याने गुंतवणूकदाराकडे सत्तर लाख कोणत्या तोंडाने मागायचे?

मीही धुतल्या तांदळाचा नाही. एका कॉलेजने मला बिझनेस प्लॅन स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. पहिल्या आलेल्या पोराच्या ताळेबंदात उधारीचा रकानाच नव्हता. मला दिसलं होतं. पण आधीच शाल आणि नारळ मिळाला होता, गप्प बसलो.

शेवटी एक. थालीपीठ खाताना तू ओघात म्हणालीस की जूनपासून तुझं मानधन आलेलं नाही. मी विचारलं, अर्ज दिलास का? तर म्हणालीस, "काका, आत्ताच मायनरचं काम मिळालंय, बरं दिसत नाही."

रविवारी सुधारलेली फाईल घेऊन ये. पण आधी कार्यालयात तो अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. ती पोच मला दाखव, मग फाईल उघडू.

तुझा,
काका