झेरॉक्सच्या दुकानातला स्टुडिओ

प्रश्न : माझं गावात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मुलगी यंदा बारावी आर्ट्‌सला. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड होती. मोबाइलवर बोटानं काढून तिनं आजी सुपात धान्य पाखडतेय अशी ६ सेकंदांची क्लिप केली, सोबत पाठवतोय. तिला टूडी ॲनिमेशनच करायचंय. शहरातल्या एका इन्स्टिट्यूटनं बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाचे २ लाख ८० हजार सांगितले. ४० हजार भरून याच आठवड्यात सीट बुक करा म्हणतात. उरलेल्यासाठी कर्ज काढावं लागेल. मुलगी म्हणते, सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरवर शिकता येतं. ते म्हणतात, फुकटच्या सॉफ्टवेअरवर शिकलेल्याला स्टुडिओत कुणी दारात उभं करत नाही. खरं कुणाचं? आणि फुकट म्हणजे त्यात काही गोम नाही ना? दुकानात ८ जीबी रॅमचा कॉम्प्युटर आहे, तो चालेल का?
– एक पालक, जि. सातारा

उत्तर : नमस्कार. घाईचं उत्तर आधी देते. या आठवड्यात ४० हजार भरू नका. बारावीचा निकाल सोडा, परीक्षाही झालेली नाही आणि सीट कसली बुक करायची? सेलमध्ये साडी घेतल्यासारखा कोर्स घेऊ नये.

बाकीचं आता निवांत बोलू. क्लिप मी सात-आठ वेळा पाहिली. आजीच्या पदराचा खोचा, सुपाची कड, बसण्याची ढब, हे सगळं पाहून काढलेलं आहे, कुठून उचललेलं नाही. नजर आहे पोरीला. पण आजीचे फक्त मनगटापासूनचे हात हलतात, खांदे आणि कंबर दगडासारखी. दाणे वर जातात आणि त्याच गतीनं खाली येतात. फोलपटंही दाण्यांसोबतच सुपात पडतात. मग पाखडलं काय? खरी गोष्ट अशी की वर उडालेला दाणा टोकाला पोचताना मंदावतो, क्षणभर अडतो आणि खाली येताना वेग घेतो. फोलपट मात्र रमतगमत बाजूला जातं. हा फरक चित्रांमधल्या अंतरातून दिसतो : टोकापाशी चित्रं जवळजवळ, खाली लांबलांब. ॲनिमेशन शिकायचं म्हणजे मुख्यतः हे शिकायचं. हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मेन्यूत नाही, महागातल्याही नाही.

म्हणून तुमच्या वादात लेकीचं बरंचसं खरं आहे, इन्स्टिट्यूटचं थोडंसं. मालिकांचं काम करणाऱ्या स्टुडिओंत टून बूम हार्मनी किंवा ॲडोबी ॲनिमेट वापरतात, आणि पन्नास माणसं एकाच भागावर बसणार असतील तर सगळ्यांचं सॉफ्टवेअर एक असावं लागतं. नोकरीच्या जाहिरातीत म्हणूनच ती नावं असतात. पण तुम्ही स्वतः डीटीपीवाले आहात. पेजमेकर सुटलं, कोरल आलं, जुन्या फॉन्टवरून युनिकोडवर आलात, तेव्हा मजकूर कुठे श्वास घेतो, पत्रिकेत नाव केवढं ठेवायचं, हे नव्यानं शिकावं लागलं का? बटणं शिकलात, तीही काही आठवड्यांत. इथेही तसंच. एके काळी ‘फ्लॅश शिका’ असे फलक चौकाचौकांत होते. २०१६ मध्ये त्याच सॉफ्टवेअरचं नाव ॲनिमेट झालं आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेयर कायमचा बंद झाला. ज्याला माणूस चालताना काढता येत होता त्याचं फारसं बिघडलं नाही. ज्याला नुसती बटणं येत होती त्याची पंचाईत झाली.

आता गोम. तुमची शंका रास्त आहे, कारण ‘फुकट’ म्हटलं की आपल्याला क्रॅक केलेली सीडी आठवते. (दुकानातल्या कोरलची चौकशी मी करत नाही.) हा प्रकार वेगळा. यात सॉफ्टवेअरचा मूळ कोडच खुला केलेला असतो. ओपनटून्झ या टूडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचंच घ्या. ‘टून्झ’ हे इटलीतल्या डिजिटल व्हिडिओ कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर. जपानच्या स्टुडिओ जिबली या ॲनिमेशन स्टुडिओनं ते १९९७ च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या चित्रपटापासून वापरलं आणि आपल्या गरजेनुसार त्यात बदल करून घेतले. २०१६ च्या मार्चमध्ये द्वांगो या जपानी कंपनीनं तेच जिबलीच्या बदलांसह ओपनटून्झ म्हणून सगळ्यांना खुलं केलं. ब्लेंडर या थ्रीडीच्या खुल्या सॉफ्टवेअरची गोष्ट तर वर्गणीची आहे. ते बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा २००२ मध्ये वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत १ लाख युरो जमवले आणि कोड सोडवून घेतला. आज त्याचा खर्च देणग्यांवर आणि वापरणाऱ्या कंपन्यांच्या मदतीवर चालतो. परवाना सॉफ्टवेअरला लागू होतो, तुमच्या लेकीच्या चित्राला नाही. तिनं केलेली क्लिप तिचीच, ती विकली तरी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. काळजी एकच घ्या : डाउनलोड त्या त्या सॉफ्टवेअरच्या मूळ साइटवरूनच करा. शोधल्यावर वर जाहिरातीत येणारी पहिली लिंक दाबू नका.

आणि ‘स्टुडिओत कुणी विचारत नाही’ म्हणणाऱ्यांना सांगा, ‘आय लॉस्ट माय बॉडी’ हा २०१९ चा फ्रेंच चित्रपट ब्लेंडरवर आणि त्यातल्या ग्रीस पेन्सिल या टूडी साधनावर झाला. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

खरं सांगायचं तर तुमचं पत्र वाचून मला सॉफ्टवेअरपेक्षा तुमच्या दुकानाचाच जास्त हेवा वाटला. कागदावरच्या ॲनिमेशनला लागतं काय? ढीगभर कागद, भोकं पाडायचं यंत्र, खालून उजेड येणारी काच आणि स्कॅनर. काच सोडली तर सगळं तुमच्या काउंटरमागे आहे. वाया गेलेले पाठकोरे कागद तुम्ही रद्दीत घालता ना, ते घालू नका.

पंचिंग मशीन ६ मिलिमीटरची दोन भोकं ८० मिलिमीटर अंतरावर पाडतं. तेवढ्याच जाडीच्या, तेवढ्याच अंतरावरच्या दोन बुटक्या खुंट्या सुताराकडून एका पातळ पट्टीवर बसवून घ्या, म्हणजे प्रत्येक कागद नेमका त्याच जागी बसेल. एक पट्टी काचेवर, खाली एलईडी बल्ब. दुसरी तशीच पट्टी स्कॅनरच्या काचेच्या कडेला. ती चिकटपट्टीनं लावा, म्हणजे काढता येईल, नाहीतर गिऱ्हाइकाचं आधार कार्ड खुंटीवर अडकायचं. झाकण पूर्ण बसणार नाही, वरून काळं कापड टाका. आडवा ए-फोर २०० डीपीआयला स्कॅन केला की एचडी चौकटीला पुरून उरतो. कागद आपोआप ओढणाऱ्या ट्रेमधून मात्र स्कॅन करू नका. त्यात प्रत्येक पान केसभर सरकतं आणि पडद्यावर तो केस दोरखंडाएवढा दिसतो.

हे कागद ओपनटून्झमध्ये न्यायचे. त्यातली क्लीनअपची सोय पेन्सिलीची रेघ स्वच्छ करते, आणि मग रंग भरायचे ते पॅलेटमधून. आजीचं लुगडं हिरव्याचं जांभळं करायचं ठरलं तर पॅलेटमध्ये एकदा बदललं की सगळ्या चित्रांत बदलतं. त्यात एक्सशीट असते : उभे रकाने म्हणजे थर, आडव्या ओळी म्हणजे फ्रेम. आजीचं अंग एका रकान्यात, हात आणि सूप दुसऱ्यात, दाणे तिसऱ्यात, फोलपटं चौथ्यात. हीच पद्धत स्टुडिओत कागदावर चालायची, आणि ती कळली की हार्मनी उघडल्यावर मुलगी बिचकणार नाही. सुरुवातीला ओपनटून्झ त्रास देईल. फायली कुठे ठेवायच्या याबद्दल ते हट्टी आहे आणि पहिला आठवडा रडवतं. त्या आठवड्यापुरतं पेन्सिलटूडी घ्या, ते पाटी-पेन्सिलीइतकं साधं आहे.

थेट पडद्यावर काढायचं तर क्रिटा. कुंचल्यांच्या बाबतीत याला तोड नाही, २०१६ पासून त्यात ॲनिमेशनही आहे. ८ जीबी रॅम चालेल, पण क्रिटा फ्रेमा रॅममध्ये धरून ठेवतं. त्यामुळे चित्राचा आकार एचडीपुरता ठेवा आणि एकेक शॉट चार-पाच सेकंदांचा करा. सिनफिग वेगळ्या जातीचं. त्यात दोन टोकाच्या स्थिती दिल्या की मधल्या ते स्वतः काढतं आणि बाहुलीला हाडंही बसवता येतात. मधेच बंद पडायची खोड आहे, दर पाच मिनिटांनी सेव्ह करायचं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्याचे धडे आहेत, आणि त्या प्रकल्पातले बरेच धडे मराठी आवाजातही मिळतात. ब्लेंडर सगळ्यात शेवटी. दुकानातला कॉम्प्युटर जुना असेल तर नवी आवृत्ती कदाचित उघडणारच नाही, मग त्यांच्याच साइटवरून जुनी घ्या. नावाची पाटी इंकस्केप या कोरलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करून चित्र म्हणून आणा. यांपैकी काही सॉफ्टवेअरमध्ये आपली जोडाक्षरं विस्कटतात, आणि डीटीपीवाल्याच्या घरच्या फिल्मवर तुटका ‘क्ष’ बरा दिसायचा नाही.

खर्च करायचाच तर पेन टॅब्लेटवर करा. बिनपडद्याचा, तीन-पाच हजारांतला पुरतो. बोटानं काढलेल्या रेघेला दाब नसतो.

मुलीला माझ्याकडून काम सांगा. नवी गोष्ट नको, हीच आजी पुन्हा करायची. सेकंदाला २४ फ्रेमा, एक चित्र दोन फ्रेमा धरायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ६ सेकंदांची ७२ होतात. पण एकदा पाखडायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढी १२ चित्रं नीट काढली की अंगाचं आवर्तन फिरत राहतं, दाणे आणि फोलपटं मात्र प्रत्येक वेळी वेगळी काढावीत. आधी खऱ्या आजींचा मोबाइलवर व्हिडिओ घे म्हणावं आणि एकेक फ्रेम थांबवून पाहा, कंबर हातांच्या आधी हलते की नंतर. पहिली खेप कागदावर, दुसरी क्रिटात. तिसरी २० सेकंदांची, आवाजासकट : सुपाचा खरा आवाज ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन. बारावीचा अभ्यास सांभाळून याला चार महिने लागतील. तिसऱ्या खेपेपर्यंत ती टिकली तर पैसे खर्चायला हरकत नाही. दुसऱ्याच खेपेला कंटाळली तर तुमचे २ लाख ८० हजार वाचले, आणि तिचीही दोन वर्षं.

टिकली तर कुठे? आधी परीक्षा द्यायला लावा. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशन फिल्म डिझाइनची पदवी आहे, तिला डॅट ही प्रवेश परीक्षा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस. या डिझाइनच्या पदवीला यूसीड ही प्रवेश परीक्षा लागते, ती आर्ट्‌सवाल्यांनाही देता येते आणि साधारण जानेवारीत होते. फॉर्म त्याच्या काही महिने आधी निघतात, तारखा आजच पाहा. राज्यातल्या कला महाविद्यालयांत बीएफए या चित्रकलेच्या पदवीसाठी सीईटी आहे. तिन्हींत चित्र काढायचा हात आणि निरीक्षण लागतं, म्हणजे आजीची १२ चित्रं तिथेही कामी येतील. यातलं काहीच जमलं नाही तर खासगी डिप्लोमाचा विचार करा, पण तेव्हा इन्स्टिट्यूटला तीन प्रश्न विचारा : शिकवणाऱ्यांनी स्वतः काय केलंय ते दाखवा. मागच्या बॅचच्या मुलांच्या शोरील, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुना-फिती दाखवा, निवडक तिघांच्या नाही, दहा जणांच्या. आणि आठवड्याला जिवंत माणूस समोर बसवून स्केचिंग किती तास? तिसऱ्या प्रश्नाला ‘ते सॉफ्टवेअरमध्येच कव्हर होतं’ असं उत्तर आलं तर चहा संपवून उठा.

कमाईबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कर्जाचा विषय आहे म्हणून सांगते. सुरुवातीचा पगार तुमच्या दुकानाच्या चांगल्या महिन्यापेक्षा कमीच असेल. मुलांच्या मालिका, बडबडगीतांचे व्हिडिओ, जाहिराती, शैक्षणिक व्हिडिओ, काम तिथे आहे. दोन चित्रांमधली चित्रं काढणं आणि रेघा साफ करणं ही शिकाऊ मुलांची कामं यंत्र आता भराभर गिळतंय. मुलीनं स्टोरीबोर्ड (म्हणजे गोष्ट आधी चित्रांच्या चौकटींत मांडणं) आणि पात्रांच्या अभिनयाच्या अंगानं जावं असं मला वाटतं, कारण तिची आजी बसते ती आजीसारखीच बसते. हे मात्र माझं मत. चार वर्षांनी चुकलेलंही असेल.

पहिली खेप झाली की पाठवा. आणि खुंट्या घट्ट बसवून घ्या हं, ढिल्या राहिल्या तर पडद्यावर आजींना हिवताप भरल्यासारखा दिसेल.