प्रो व्ही१, प्रो व्ही१एक्स, टीपी५ की क्रोम टूर? माझ्या खेळाला कोणता गोल्फ बॉल जुळेल?

तुम्ही लिहिलंय की हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) १६ आहे, ड्राइव्ह साधारण २१० यार्ड जातो, ७ आयर्नचा (मध्यम अंतराच्या क्लबचा) बॉल कमी उंचीने जातो आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पडून न थांबता पलीकडे घरंगळून जातो. खेळता पुण्यात, आणि या चारांत सर्वांत लांब जाणारा कोणता ते तुम्हाला हवंय. मी तुम्हाला कळकळीने सांगेन की लांबीचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. बॉल ग्रीनवर निवडायला सुरुवात करा आणि तिथून मागे मागे टीपर्यंत या.

चारही बॉल एकाच नियमात बसवलेले आहेत: व्यास किमान ४२.६७ मिमी, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, शिवाय वेगावर आणि अंतरावर मर्यादा. त्यामुळे ड्रायव्हरने त्यांच्यात फार तर थोड्या यार्डांचा फरक पडतो. आपले लागोपाठचे दोन ड्राइव्हसुद्धा सारखे बसत नाहीत, मग तो फरक कळणार कसा? चाळीस यार्डांवरून वेजने (जवळच्या फटक्यांच्या, जास्त तिरक्या क्लबने) मारलं की मात्र फरक समोर दिसतो.

हे का होतं ते समजून घ्या, कारण जास्तीचे पैसे आपण त्याचेच मोजतो. या बॉलना बाहेरून युरेथेनचं पातळ, मऊ कवच असतं, त्याखाली कडक थर आणि आत रबराचा गाभा. ड्रायव्हर बसला की अख्खा बॉल दबतो. तिथे गाभा काम करतो आणि कडक थर स्पिन कमी ठेवतो. वेजच्या तिरक्या फेसवर (बॉलला लागणाऱ्या पृष्ठभागावर) मात्र ते मऊ कवच फेसच्या खाचा आणि कडक थर यांच्यामध्ये चिमटलं जातं आणि बॉल गरगरत निघतो. स्वस्त टू-पीस बॉलचं कवच कडक असतं, ते असं पकडलं जात नाही. २००० सालापर्यंत बहुतेक व्यावसायिक खेळाडू आत रबरी दोरा गुंडाळलेले बॉल वापरत. त्या वर्षी टायगर वूड्सने भरीव गाभ्याच्या बॉलने पेबल बीचची यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकली, ऑक्टोबरमध्ये प्रो व्ही१ व्यावसायिकांच्या टूरवर आला, आणि दोऱ्याचे बॉल बघता बघता दिसेनासे झाले.

आता तुमचे चार. टायटलिस्टचा प्रो व्ही१ तीन थरांचा, मध्यम उंचीने जाणारा. त्यांचाच प्रो व्ही१एक्स चार थरांचा, हाताला जरा कडक, पण उंच जातो आणि आयर्नने जास्त स्पिन घेतो. टेलरमेडचा टीपी५ पाच थरांचा, मऊ आणि चांगला स्पिन देणारा. कॅलवेचा क्रोम टूर साधारण प्रो व्ही१च्या जातकुळीतला. दुकानात ‘एक्स म्हणजे जोरात मारणाऱ्यांचा’ असं ऐकाल, त्यावर जाऊ नका. टायटलिस्ट आणि कॅलवे यांच्याकडे एक्स म्हणजे आयर्नला जास्त स्पिन. टेलरमेडचा टीपी५एक्स उलट टीपी५पेक्षा कमी स्पिनचा आहे. कम्प्रेशनचंही, म्हणजे बॉल किती दबतो याचंही, तसंच. ब्रिजस्टोन ताशी १०५ मैल स्विंगच्या खालच्यांना टूर बी आरएक्स आणि आरएक्सएस सुचवते, वरच्यांना एक्स आणि एक्सएस. मला ही विभागणी फार पटत नाही. कम्प्रेशन मुख्यतः हाताला लागणारा स्पर्श आणि आवाज ठरवतं, म्हणून हळू स्विंगला मऊच बॉल हवा असं नाही.

तुलना एका वेळी दोनच मॉडेलची करा, प्रत्येकाचे तीन बॉल घेऊन. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी, मागे कुणी नसताना. आधी ग्रीनच्या कडेवरून चिप (छोटा, खालचा फटका), कुठे पडतो आणि किती घरंगळतो ते बघायचं. मग ४० यार्डांचा पिच (वेजने मारलेला उंच फटका). मग ७ आयर्न. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, तोही फक्त काही विचित्र होत नाही ना एवढं बघण्यापुरता. स्पर्धेच्या राउंडमध्ये हे करता येणार नाही, सरावाच्याच वेळी करा. सरावाच्या रेंजवरच्या बॉलवरून अंदाज बांधू नका, ते वेगळेच आणि टिकाऊपणासाठी बनवलेले असतात. आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तर अजिबात नको. फेस आणि बॉलमध्ये पाणी शिरलं की सगळ्यांचाच स्पिन पडतो, वर ग्रीन इतकी ओली असतात की काहीही मारा, थांबतं. नोव्हेंबरनंतर ग्रीन कडक झाली की खरं काय ते दिसतं.

पैशांचं स्पष्ट सांगतो. दर राउंडला तीन-चार बॉल पाण्यात जात असतील तर टेलरमेडचा टूर रिस्पॉन्स किंवा स्रिक्सनचा क्यू-स्टार टूर घ्या. दोन्ही तीन थरांचे, युरेथेनचेच, आणि किमतीला बरेच हलके. रविवारी प्रो व्ही१ आणि बुधवारी कॅडीकडून घेतलेले सापडलेले बॉल, असं चाललं तर चिप किती घरंगळेल याचा अंदाज हाताला कधीच बसत नाही. पुन्हा रंगवलेले बॉल तर तुलनेत धरूच नका.

तुमचा बॉल कमी उंचीने जातो आणि थांबत नाही, म्हणून पहिली जोडी प्रो व्ही१एक्स आणि टीपी५ यांची लावा. ७ आयर्नने एक्स स्पष्ट उंच गेला आणि पडल्यावर चार-पाच पावलांत थांबला, तर तो ठेवा. पट मारताना (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलताना) त्याचा कडकपणा खटकला तर टीपी५ घ्या, आणि त्यानेही ग्रीन धरलं नाही तरच क्रोम टूरचं पाकीट उघडा.