गेम खेळताना प्रोसेसर तापतोय? आधी एवढंच कर

भावा, लगेच नवा कूलर मागवू नकोस. आधी एचडब्ल्यूइन्फो (प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून अर्धा तास गेम खेळ आणि सर्वांत जास्त आकडा किती गेला ते बघ. ८०-८५ अंश असेल तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक प्रोसेसर ९५-१०० च्या आसपास स्वतःच वेग उतरवतात, गेम अडखळतो तो तेव्हा. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच पारा ४० च्या वर, कूलरला हवा मिळणार तीच! हिवाळ्यातला आकडा धरून बसू नकोस.

मग पॉवरची वायर काढून कॅबिनेट उघड. शेजारी यंत्रमाग असेल तर पंख्याखाली, हीटसिंकच्या (कूलरचा उष्णता ओढणारा धातूचा भाग) पट्ट्यांवर सुताचा तूस बसलेला दिसेल, जणू चादरच. ब्रशनं काढ. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेव.

तरीही तापला तर प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट बदल. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, नवी प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी. नवशिके चुकतात ते इथं:

- कूलरखालची प्लॅस्टिकची फिल्म तशीच राहते.
- कूलर चार पिनांचा असेल तर त्यातली एक अर्धवट बसते. मदरबोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का बघ.
- खोलीतल्या पाण्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडतात. ओलावा आत जातो, नको.

अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं, ते नंतर. आत्ता बायोसला (मदरबोर्डच्या सेटिंगला) हात लावू नकोस.