सॅन होजेला येण्याआधी बंदुकीच्या कायद्याबद्दल

अनिकेत, तुझा मेसेज वाचला, पण दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे. तू एच-वन-बीवर सॅन होजेला येतो आहेस, बरोबर बायको आणि सात वर्षांची लेक. कॅलिफोर्नियात बंदुकांवर ११ टक्के कर लागलाय, नोंदणी सक्तीची आहे आणि त्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात, हे तू वाचलंस. तुझे प्रश्न तीन: याचा आपल्याशी काही संबंध येतो का, भारतीयांच्या घरी सोन्यासाठी चोऱ्या होतात म्हणून पिस्तूल ठेवावं का, आणि ऑफिसात विषय निघाला तर काय बोलावं.

आधी पिस्तुलाचं. ते तुला ठेवता येणार नाही. एच-वन, एल-वन, एच-फोर अशा तात्पुरत्या (नोकरीच्या किंवा नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंतची. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या भरवशावर राहू नकोस. दुकानात भरावा लागतो त्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि तिथे खोटं लिहिणं हाच वेगळा गुन्हा.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. टीमची सहल निघते, लास व्हेगसला किंवा इथेच एखाद्या शूटिंग रेंजवर. सगळे भाड्याने बंदूक घेतात, फोटो काढतात, आणि आपले भारतीय सहकारीही बंदूक हौसेने हातात घेतात. अरे, ती तासाभरासाठी हातात घेणं हेसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘बाळगणं’च आहे! वर तो फोटो आपणच जगाला दाखवतो. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी, देशाबाहेर काढता येतं. कुणी कितीही आग्रह केला तरी चार हात लांब राहा. ‘व्हिसामुळे जमत नाही’ एवढं म्हटलं की कुणाला वाईट वाटत नाही.

सोन्याच्या चोऱ्या होतात हे खरं आहे. त्यावर उपाय बँकेचा लॉकर. मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या सोडून बाकी सगळं तिथे, नाहीतर सरळ पुण्यातच आईकडे ठेवून या.

करावरचा वाद समजून घे, कारण तो तू समजतोस त्यापेक्षा जुना आहे. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा १० ते ११ टक्के अबकारी कर फार पूर्वीपासून आहेच. तो उत्पादकाकडून घेतात आणि १९३७ च्या कायद्यानुसार पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. त्याबद्दल शिकारी मंडळी कुरकुर करत नाहीत, उलट अभिमानाने सांगतात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून स्वतःचा ११ टक्के कर त्यावर चढवला. हा विक्रेत्यावर आहे, पण शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात येतो. ६०० डॉलरच्या पिस्तुलावर ६६ डॉलर हे, मग नेहमीचा विक्रीकर, पार्श्वभूमी तपासणीचे सुमारे ३७ डॉलर, परीक्षा देऊन मिळणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राचे २५, आणि दहा दिवस थांबायचं ते वेगळंच. करातून येणारा पैसा हिंसा रोखण्याच्या कामांना आणि शाळांच्या सुरक्षेला द्यायचा, असं कायद्यात लिहिलं आहे. पुढेमागे नोकरी बदललीस तर लक्षात असू दे की सिएटल शहरात २०१६ पासून दर बंदुकीमागे २५ डॉलर कर आहे आणि कोलोरॅडोत २०२४ च्या मतदानाने ६.५ टक्के कर आला.

विरोधकांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्यांना वाटतं. गुंड काही दुकानात जाऊन कर भरत नाही. भुर्दंड पडतो तो रात्रपाळी करून वाईट वस्तीतल्या घरी परतणाऱ्या बाईवर, जिला स्वसंरक्षणासाठी एकच पिस्तूल हवं असतं. शिवाय बंदूक बाळगण्याचा जो हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेने दिला, त्यावर कर कसा, हा त्यांचा मुद्दा. २००८ आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वैयक्तिक हक्क ठामपणे मान्य केल्यापासून प्रत्येक नवा कायदा कोर्टाची पायरी चढतोच. तू येणार त्या सॅन होजेचंच उदाहरण घे. २६ मे २०२१ ला इथल्या रेल्वे यार्डात एका कर्मचाऱ्याने नऊ सहकाऱ्यांना मारलं. पुढच्या जानेवारीत नगर परिषदेने ठराव केला की प्रत्येक बंदूकधारकाने दायित्व विमा (बंदुकीच्या अपघातात कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा) काढायचा आणि वर्षाला सुमारे २५ डॉलर फी भरायची. देशात असं करणारं हे पहिलं शहर. लगेच खटले दाखल झाले.

माझं स्वतःचं मत विचारशील तर करापेक्षा नोंदणी जास्त कामाची आहे. कराने किती विक्री थांबेल याबद्दल मी फार आशा धरत नाही. नोंदणीचं तसं नाही. १९८६ च्या कायद्याने देशभराची नोंदवही ठेवायला केंद्राला मनाई आहे, पण कॅलिफोर्नियात पिस्तुलांची नोंद होतीच आणि २०१४ पासून रायफलींचीही होते. बाहेरून राहायला येणाऱ्या मालकाने ६० दिवसांत कळवायचं असतं. समज, नवरा मारहाण करतो म्हणून एखादीने कोर्टातून संरक्षणाचा आदेश आणला. अशा वेळी त्या माणसाच्या नावावर किती बंदुका आहेत हे पोलिसांना नोंदवहीतून दिसतं आणि त्या काढून घेता येतात. ज्यांनी बंदूक ठेवणं आता बेकायदा आहे पण ज्यांच्याकडे ती अजून आहे, अशांची यादीच राज्य ठेवतं. नोंद नसेल तर त्या बाईने फक्त देवावर हवाला ठेवायचा. नोंदणीच्या बाजूने मला एवढं कारण पुरेसं वाटतं.

तरी नोंदणीला घाबरणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. जून २०२२ मध्ये राज्याच्या न्याय खात्याकडूनच बंदूक बरोबर नेण्याचा परवाना असलेल्यांची नावं आणि घरचे पत्ते इंटरनेटवर उघडे पडले. त्यात घर सोडून लपून राहणाऱ्या बायकाही असणार. नोंदणी हवी म्हणणाऱ्यांनीच या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग धरायला हवा होता, आणि तो पुरेसा धरला गेला नाही.

लेकीबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण तुझा खरा संबंध तिथेच येणार आहे. रस्त्यात तुला कंबरेला पिस्तूल लावलेली माणसं दिसणार नाहीत. हे टेक्सास नव्हे. बंदुका असतात त्या घरांत, कपाटात, पलंगाशेजारच्या खणात. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. मुलं आणि किशोरवयीन यांच्या मृत्यूचं पहिलं कारण २०२० पासून बंदूक हेच आहे. म्हणून लेक मैत्रिणीकडे खेळायला जाणार असेल तेव्हा त्या मैत्रिणीच्या आईला आधी विचार: घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात असते का? आपल्याला हे विचारणं आगाऊपणाचं वाटतं. इथे शेंगदाण्याची ॲलर्जी विचारतात तितक्याच सहज विचारतात, आणि जबाबदार मालक राग न धरता उत्तर देतात. जानेवारी २०२६ पासून घरातली बंदूक कुलपात ठेवणं राज्याच्या कायद्यानेच सक्तीचं झालं आहे आणि शाळेकडूनही वर्षातून एकदा त्याबद्दलचं पत्र येतं.

कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, याच्या शाळेत कवायतीही होतात. दिवे बंद, दाराला कडी, मुलं भिंतीशी अंग चोरून गप्प बसलेली. पहिल्या कवायतीआधी तिला घरी मराठीत नीट समजावून सांग. वर्गात ती पहिल्यांदा इंग्रजीत, अनोळखी मुलांमध्ये ऐकेल तर नक्की घाबरेल.

आणि ऑफिसात काय बोलावं? तुला इथे मतदानाचा हक्क नसला तरी स्वतःचं मत असायला हरकत नाही. शिकार करणारा सहकारी भेटला तर त्याच्याकडून तो बंदूक कशी सांभाळतो ते ऐकून घे. माझं निम्मं ज्ञान तसंच आलेलं आहे. नगर परिषदेच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. नाव पुकारलं की एक-दोन मिनिटं मिळतात, आणि शाळेत मूल असलेल्या आईबापांचं तिथे लक्ष देऊन ऐकतात. बंदुकीचा विषय अजेंड्यावर आला की मी कळवेन, आपण बरोबर जाऊ.