‘डोळे मिटा’ म्हणण्याआधी

प्रिय मुली,

निवारागृहात योगाचा तास घ्यायला तू होकार दिलास, हे तिथल्या अधीक्षिकाबाईंकडून कळलं. आसनांबद्दल मी तुला काय सांगणार! पण नवऱ्याचा, सासरचा मार सोसून आलेल्या बायकांसमोर मी बरीच वर्षं समुपदेशक म्हणून बसले आहे. त्या अनुभवावरून थोडं लिहिते.

तुझ्या क्लासमध्ये तू मागून येऊन कुणाचा खांदा सरळ करतेस, तसं इथे करू नकोस. मागून हात आला की या बायकांचं अंग आक्रसतं, ते तास संपेपर्यंत सैल होत नाही. समोर उभी राहून स्वतः करून दाखव. दार आतून लावू नकोस, दिवे मालवू नकोस. ‘डोळे मिटा’ असा हुकूम नको. मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर जमिनीकडे बघा, असं म्हण. शवासन तुला विश्रांतीचं वाटतं, पण उताणं पडून राहण्याचीच कुणाला भीती असते. तिला कुशीवर झोपू दे, भिंतीला टेकून बसू दे. आणि ‘नाही’ म्हटलं म्हणून वर्षानुवर्षं मार खाल्लेली बाई ‘ताई, आज हे नको’ म्हणाली, तर तो तास वसूल झाला असं समज.

भीतीने छाती धडधडते तशीच व्यायामानेही धडधडते, आणि शरीर दोन्हींत गल्लत करतं. म्हणून सुरुवातीला कपालभाती नको, भराभर सूर्यनमस्कारही नकोत. अंगणात चालणं, जिना चढणं, मग थांबून श्वास खाली येताना पाहणं. धडधड आपणच वाढवली आणि आपणच उतरवली, हे पुन्हापुन्हा अनुभवल्यावर स्वतःच्या शरीराची धास्ती कमी होते. गळा दाबला गेला असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर आधी डॉक्टर. सर्वांगासन-हलासन तर अशा बाईला अजिबात नको. वजनाचा विषयही काढू नकोस, अंगावरून टोमणे त्यांनी घरी पुरेसे ऐकलेत.

२०१४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या मानसिक आघातातून जडलेल्या आजाराची (पीटीएसडी) लक्षणं उपचारांनीही न हटलेल्या ६४ बायकांपैकी निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास, असाच सांभाळून घेतलेला योग दिला. शेवटी त्यांच्यातल्या सुमारे निम्म्या जणी त्या आजाराच्या निकषांत बसेनाशा झाल्या; दुसऱ्या गटात हे प्रमाण पाचात एक होतं. मात्र तो योग जोडउपचार होता. औषधं, समुपदेशन, कोर्टातली तारीख, यांतलं काहीही कुणी तुझ्या तासासाठी सोडता कामा नये.

आता वहीबद्दल. तासानंतर आत्मपरीक्षण लिहून घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं ऐकलं. जपून. या बायकांना आत्मपरीक्षण सांगितलं की त्या लगेच ‘माझं काय चुकलं’ लिहायला बसतात. ते काम सासरने आधीच करून ठेवलेलं असतं. ‘का’ विचारू नकोस, ‘काय’ विचार. काय घडलं, तेव्हा अंगात काय झालं, आज काय हवंय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची व्याख्या त्यांना सोप्या शब्दांत वाचून दाखव. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक, आर्थिक. पगार काढून घेणं हीसुद्धा हिंसा आहे, हे कळल्यावर कित्येकींचे चेहरे बदलतात (एकदा एक बाई चक्क हसली होती).

मनातलं लिहून काढल्यावर त्या दिवशी जास्त उदास वाटू शकतं, म्हणून पंधरा मिनिटांवर लिहू देऊ नकोस आणि नंतर सगळ्यांचा चहा होऊ दे. वाचून दाखवायची सक्ती नको. जिला लिहिता येत नाही ती चित्र काढेल, नाहीतर तुझ्याजवळ बोलेल. ज्या बायका घरी परत जातात, आणि जातात बरं का, त्यांची वही निवारागृहातच राहू दे. ती नवऱ्याच्या हाती लागली तर नवा मार. मोबाइलमध्ये लिहिणंही तितकंच धोक्याचं. शिवाय रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने फिरायला जा, असा सल्ला देऊ नकोस; पाळत ठेवणाऱ्याला तेच हवं असतं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर मात्र प्रत्येकीला तोंडपाठ असू दे.

पहिल्या दिवशी बहुतेक जणी साडीतच येतील. ट्रॅक पँटचा आग्रह धरू नकोस. लहान मुलंही मध्येच येऊन आईच्या पाठीवर चढतील, त्यांच्यासाठी एक सतरंजी जास्त मागवून ठेव.

तुझी,
मावशी