इंटरकॉम वायरचा घ्यावा की ॲपचा?

प्रश्न: आमची ठाण्यातली ४८ फ्लॅटची जुनी सोसायटी, इंटरकॉम बंद पडलाय. कमिटी म्हणते ॲप घ्या, ज्येष्ठ मंडळींना फोनच हवाय. काय करावं?

उत्तर: ताई, आधी जुन्या वायरी तपासून घ्या, कारण साध्या ईपीएबीएक्सला (म्हणजे सगळ्या फ्लॅटचे फोन एकमेकांना जोडणाऱ्या मशीनला) फ्लॅटमागे दोनच तारा लागतात, त्या धड असल्या तर नुसतं मशीन बदलून भागतं, भिंती फोडायला नकोत. व्हिडिओवाला आयपी इंटरकॉम (म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कसारखा चालणारा) हवा तर सहसा नेटवर्क केबल नव्याने ओढावी लागते, तीही एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच. ॲपला वायरिंग नको हे खरं, पण मोबाइल सायलेंटवर असला की पाहुणा गेटवरच ताटकळतो. घरात एकटे म्हातारे असतील तर मी वायरचाच सांगेन. आणि मशीनला यूपीएस घ्याच, नाहीतर लाइट गेली की सगळं मुकं.